बेलटोल्याच्या विहिरीवर पाच दिवस

आमच्या महिला मंडळाला पाणी पाजण्याचा बावीस वर्षांचा अनुभव आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला आमच्या वस्तीचा पाण्याचा स्टॉल असतो. टाक्या किती, ग्लास किती, कोणती बाई किती वाजता नळावर, टाकीत टीसीएल किती, हे सगळं माझ्या वहीत असतं. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ती पांढरी, नाकात जाणारी पावडर. मी एका सरकारी भांडारात भांडारपाल आहे. सामान मोजणं, लिहिणं आणि वेळेवर पोचवणं एवढंच मला येतं, पण ते चांगलं येतं.

म्हणून सुनंदाचा फोन आला तेव्हा मी आधी पेन हातात घेतलं.

सुनंदा ही बेलटोल्याची आशा, म्हणजे गावात आरोग्याचं काम बघणारी कार्यकर्ती. दर दसऱ्याला ती नागपूरला येते आणि आमच्या स्टॉलवर बाटली भरून घेते. गेल्या वर्षी तिनं माझा नंबर घेऊन ठेवला होता.

"ताई, तुमी दसऱ्याले पानी पाजता ना? आमच्याकडं चहूकडं पानीच पानी आहे, पर पेयाले एक घोट नाई."

वैनगंगेचा पूर टोल्यात, म्हणजे नदीकाठच्या त्या वस्तीत, शिरून दोन दिवसांनी उतरला होता. चौसष्ट घरं, जवळपास सगळी ढिवरांची, मासेमारीवर जगणारी. विहीर एकच, तीही गढूळ पाण्यानं काठोकाठ भरलेली. हगवणीचे सात रुग्ण झाले होते, त्यातले दोघं रुग्णालयात सलाईनवर. तालुक्याच्या साहेबांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर पाण्याची सोय झाली नाही आणि नवे रुग्ण थांबले नाहीत, तर सगळा टोला उचलून तालुक्याच्या शाळेत न्यायचा.

"मग नेऊ दे की," मी म्हणाले. "चार दिवस शाळेत राहतील."

"ताई, ढिवर नदीपासून हालला की त्याचा डोंगा बी जाते अन् जाळं बी जाते. मागच्या पुरात पलीकडच्या टोल्यातले असेच चार दिवसांसाठी गेले होते. अजून तालुक्यालेच आहेत, हमाली करून ऱ्हायले."

मी वहीच्या नव्या पानावर वर लिहिलं : बेलटोला. शुक्रवार. त्या दोन शब्दांखाली यादी सुरू केली.

सोमवार, नागपूर

दिवसभरात सामान जमलं. भोजनदानाच्या मोठ्या शेगड्या आणि गॅसची सिलिंडरं मंडळाचीच होती. तांदूळ, मीठ, साखर, तुरटी, टीसीएल, ओआरएसची पाकिटं, दोन रिकाम्या टाक्या, पाण्यातलं औषध तपासायची छोटी पेटी, झाडू, दोर, मेणबत्त्या. गांधीबागेतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं चादरींचा गठ्ठा दिला. दुकानातल्या माणसानं घाईत त्याच्याबरोबर दुसराही गठ्ठा चढवला. घरी येऊन उघडला तर आत लग्नाचे गुलाबी फेटे.

"माय वं! पुराच्या गावात वरात नेऊन राहिलो का आपण?" प्रमिला म्हणाली.

प्रमिला माझ्याबरोबर स्टॉलवर उभी राहते. पाचशे माणसांचा भात ती अंदाजानं टाकते आणि तो कधी चुकत नाही. माझ्या वहीवर मात्र तिचा राग आहे. फेटे परत करायला वेळ नव्हता. मी यादीत लिहिलं, 'फेटे, साठ,' आणि टेम्पोत टाकले.

मंगळवार, स्टॉल लावला

टेम्पो उमरेडच्या राजूभाऊंचा. उमरेडला त्यांनी तर्री-पोहे खायला घातले. कोळशाच्या ट्रकांमागून दोन तास धूळ खाल्ल्यावर ती तर्री अमृतासारखी लागली. भिवापूरच्या पुढे रस्त्याकडेच्या शेतांचा रंग बदलत जातो. आपल्याकडे कापूस, संत्री, तुरी. इथून पुढे भाताच्या बांध्याच बांध्या, सगळा धान. या भागाला झाडीपट्टी म्हणतात आणि इथला माणूस तिन्ही वेळा भात खातो. यंदा मात्र बांध्यांवर राखाडी गाळाचा थर होता आणि त्यातून रोपांची टोकं तेवढी दिसत होती.

टोल्याच्या अलीकडे नाल्यानं रस्ता तोडला होता. माणूस दिसायच्या आधी पलीकडून आवाज आला.

"ओऽऽ नागपूरवालेऽऽ! टेम्पो तिथंच ठेवाऽऽ!"

हा सदाशिव. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा तो अध्यक्ष. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी नाटकं होतात, त्यांत वीस वर्षं खलनायकाचं काम करतो. माईक बंद पडला तरी ह्याचं शेवटच्या रांगेत ऐकू जातं, असं त्याची बायको सांगते आणि घरातही तसंच बोलतो म्हणून कपाळावर हात मारते.

सामान डोंग्यातून, म्हणजे त्यांच्या लाकडी होडीतून, न्यायचं होतं. प्रमिला डोंग्यात बसली आणि तिनं डोळे गच्च मिटले.

"काहून गा बाई, डोरे मिटले त डोंगा बुडत नाई असं कोनं सांगतलं तुमाले?" सदाशिव म्हणाला.

"मले पोहता येत नाही गा!"

"मंग त उघडेच ठेवा. पडान त कुठी पडले हे दिसन तरी."

चार खेपांत सामान पलीकडे गेलं. समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही दीक्षाभूमीसारखाच स्टॉल लावला. विहिरीचं पाणी काढलं, तुरटी फिरवली, गाळ बसू दिला, चादरीतून गाळून टाकीत भरलं. मग टीसीएल. इथे मी जे केलं ते स्पष्ट लिहिते. पाणी गढूळ होतं आणि साथ सुरू होती, म्हणून मी नेहमीच्या दुप्पट पावडर टाकली. नागपुरात नळाला वास आला की आम्ही निर्धास्त होतो; वास म्हणजे औषध पडलं. लोकांना वास आला की त्यांनाही धीर येईल, असा माझा हिशेब होता. तपासायची पेटी पिशवीतच राहिली.

प्रमिलानं दीक्षाभूमीवरची हाक दिली, "या, पाणी घ्या, स्वच्छ पाणी!"

कोणी आलं नाही. बाया दुरून बघत होत्या. पंधरा-वीस मिनिटांनी एक साठीची बाई पुढे आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर मासळीची रिकामी टोपली. ही सुभद्राबाई. चाळीस वर्षं आसपासच्या बाजारांत मासळी विकते. टोल्यात तिच्या शब्दाला सदाशिवच्या आवाजापेक्षा जास्त वजन आहे. तिनं ग्लास नाकाशी नेला, खाली केला आणि मागे वळून काहीतरी म्हणाली. एका बाईनं लोटा आणून दिला. लोट्यात बोटभर मासोळी होती.

सुभद्राबाईनं आमचं पाणी एका पातेल्यात घेतलं आणि मासोळी त्यात सोडली. ती एकदा गरकन फिरली, दुसऱ्यांदा फिरली, मग तिरकी झाली. मी काही बोलायच्या आत पांढरं पोट वर.

"हे त फवाऱ्याचं पानी होय," सुभद्राबाई म्हणाली. पातेलं तिनं ओट्याखाली पालथं केलं, टोपली उचलली आणि चालू लागली. तिच्यामागे सगळा टोला गेला.

मी मागे धावले. मासोळी पाण्यातच श्वास घेते, तिच्या कल्ल्यांना औषध झोंबतं, माणसाच्या पोटाचं तसं नसतं, असं सगळं सांगितलं. ती थांबली.

"बाई, माजा बाप पानी पेयाच्या आधी मासोरी पाहे. त्याचा बाप बी पाहे. तुमी वास पाहता, आमी मासोरी पाहतो."

सुनंदानं मला मागे ओढलं आणि जे फोनवर सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. पुराचं पाणी नाल्यापलीकडच्या मोठ्या गावातल्या एका कृषी केंद्रात शिरलं होतं. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या वाहत आल्या. पाणी उतरल्यावर काठाला मेलेल्या मासोळ्यांचा खच पडला होता. हे सगळं ह्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्यानंतर नागपूरची एक बाई येऊन उग्र वासाचं पाणी वाटत होती. विहीर सोडून सगळे नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, झिरे काढून पाणी पीत होते. वरच्या अंगाला मेलेली गुरं अडकलेली. हगवण तिथूनच येत होती.

"ताई, काल सात होते, आज नऊ झाले," सुनंदा म्हणाली. "मले सगळे आपली पोरगी म्हणते. पर पान्याचं म्हटलं का कोनी ऐकत नाई. शुक्रवारी गाड्या आल्या का लोक मलेच म्हनन, तू बोलावलं त्याहिले."

मी ओट्यावर बसले. वहीत त्या दिवसाच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

तोडगा प्रमिलानं काढला. ती शेगडी पेटवत होती. "शीला, हे लोक पेज पेतात ना?" तिनं विचारलं.

पेज म्हणजे भाताचं पातळ, मीठ घातलेलं पाणी. आपल्याकडे ती आजाऱ्याला देतात आणि तोही नाक मुरडतो. इथे सकाळ तिच्याशिवाय सुरू होत नाही. टोल्यात एक सुकं लाकूड उरलं नव्हतं, त्यामुळे तीन दिवस कोणाच्या पोटात पेज गेली नव्हती. टोल्यानं भांडी घासायला पत्र्यावरून गुंडांत, म्हणजे हंड्यांत, धरून ठेवलेलं पावसाचं पाणी प्रमिलानं मागून घेतलं, त्यात तांदूळ टाकले आणि खळखळून उकळलं. वास सुटला तसे लोक वाट्या घेऊन आले. एकेक जण तीन-तीन वाट्या प्यायला. सुभद्राबाईपण आली.

"तुमची ही सोबतीन हुशार आहे," ती मला म्हणाली. "तुमी नाई."

"मान्य आहे," मी म्हणाले. "आता मला सांगा, विहिरीचं पाणी तुम्ही केव्हा प्याल?"

तिनं वाटी खाली ठेवली. "इहीर उपसा. मले तिचं बूड दाखवा. मंग जे नवं पानी येईन, त्यात मासोरी सोडीन. जगली त पेईन. मेली त तुमी अन् तुमचा टेम्पो."

मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि तिला वाचून दाखवलं. अट स्पष्ट होती. स्पष्ट अटीवर मला काम करता येतं.

बुधवार

भर पावसाळ्यात विहीर उपसणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरायचं ते काम, फक्त उलट्या बाजूनं. जेवढं काढावं तेवढं झऱ्यांनी परत येतं. बादल्यांनी ते होणार नव्हतं. सदाशिवकडे संस्थेचं डिझेल इंजन होतं. इथे गावोगावी बोड्या असतात, लहान तळी. मासळी धरायच्या वेळी त्यांचं पाणी उतरवायला ते वापरतात. पुरात त्यानं ते आंब्याच्या फांदीवर चढवून दोरांनी बांधलं होतं.

"आधी इंजन चढवलं, मंग मले आवाज देल्ला," त्याची बायको म्हणाली.

"तुले पोहता येते. इंजनले येते का?"

राजूभाऊंनी टेम्पोतली हत्यारं आणली आणि तासाभरात इंजन धडधडायला लागलं. मी म्हटलं, पूर्ण जोरात चालू द्या, आपल्याकडे दोनच दिवस आहेत. सदाशिवनं पहिल्यांदाच हळू आवाजात सांगितलं, "नाई, ताई. भवतालची माती पानी पेऊन बसली आहे. आतलं पानी एकदम गेलं त बाहेरची माती बांधकाम आत ढकलते. हात-हातभर उतरू द्या, मंग थांबा, मंग पुन्हा." मी वहीत वेळा आखल्या. अर्धा तास इंजन, पंधरा मिनिटं थांबा. थांबल्यावर तो कठड्याला कान लावून दगड ऐकायचा.

अकराच्या सुमाराला नळीतून नुसती गुरगुर यायला लागली. तोंडाला गाळ आणि प्लास्टिक अडकलं होतं. काढलं, पुन्हा अडकलं, पुन्हा काढलं. माझ्या यादीत जाळी नव्हती. सुभद्राबाई कडेला बसून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटत होती. ती उठली, घरात गेली आणि झिंगे धरायची बारीक जाळी आणून तिनं माझ्यासमोर टाकली.

"नागपुरात जाळे नाई भेटत का?"

ती नळीच्या तोंडाला गुंडाळली आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत एकदाही अडलं नाही.

दुपारी तळ दिसला. सगळा टोला कठड्याभोवती वाकून बघत होता. सदाशिवनं आधी पेटलेला कंदील दोरानं खाली सोडला. तो विझला असता तर कोणी उतरलं नसतं. कंदील जळत राहिला. मग तोंडाला ओलं फडकं बांधून तो आणि सुनंदा शिडीनं उतरले. गाळाची घमेली वर यायला लागली. एक पितळी गुंड निघाला, त्यावर दोघी जावांनी एकाच वेळी हक्क सांगितला. चपला निघाल्या. आणि तिसऱ्या की चौथ्या घमेल्यात एक बाटली. फवारणीचं औषध. झाकणाचं सील शाबूत होतं, बाटली गळ्यापर्यंत भरलेली, थेंबही बाहेर गेला नव्हता. पण ती विहिरीत होती.

मी ती पिशवीत बांधली, साहेबांना द्यायला वेगळी ठेवली आणि सुभद्राबाईसमोर जाऊन उभी राहिले.

"तुमचं बरोबर होतं. विहिरीत ही होती. आणि टाकीत मी औषध दुप्पट टाकलं होतं, न मोजता. मासोळी माझ्या हातानं मेली."

"मंग आता मोजून टाकजा," ती म्हणाली आणि खर्रा घोटायला लागली.

संध्याकाळपर्यंत बायांनी आतून झाडूनं बांधकाम घासलं, टीसीएलच्या पाण्यानं धुतलं, पाळीपाळीनं, दहा मिनिटांवर कोणाला खाली ठेवलं नाही. गाळानं माखलेल्या बायांना अंघोळीला आडोसा नव्हता. प्रमिलानं गुलाबी फेटे सोडले, चार बांबूंभोवती गुंडाळले आणि टोल्यात न्हाणीघर उभं राहिलं. आत गेलेली प्रत्येक बाई बाहेर येताना हसत होती.

"नवरीची न्हानी हाय वं!"

विहिरीत पाणी परत चढू दिलं, त्यात मोजून जास्तीचं औषध टाकलं, तोंडावर जाळं टाकून बंद केली. रात्रभर तिला तसंच ठेवायचं होतं. रुग्ण त्या दिवशी एकच वाढला. टोला पेजेवर होता.

गुरुवार, मासोळी

सकाळी औषधाचं पाणी उपसून टाकलं. पुन्हा भरू दिलं, पुन्हा उपसलं. तिसऱ्यांदा झरे मोकळे वाहायला लागले तेव्हा वरून विहिरीचा तळ स्वच्छ दिसला. एवढं नितळ पाणी बेलटोल्यानंही बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

माझी धास्ती वेगळी होती. बांधकामात औषधाचा अंश उरला असेल तर मासोळी मरेल, आणि मग शुक्रवारच्या गाड्या कोणी थांबवू शकणार नव्हतं. या वेळी पेटी काढली. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. थेंब टाकले. रंग आला नाही. मी नळी उजेडात धरून दोनदा बघितली, प्रमिलाला दाखवली, राजूभाऊंना दाखवली. पाणी नितळ.

"चला," मी म्हणाले.

सुभद्राबाईनं जर्मनचं पातेलं मागवलं, तीनदा धुतलं, स्वतः दोर सोडून पाणी काढलं. लोट्यातून तिनं सगळ्यात बारीक मासोळी निवडली. मुद्दाम, हे मला दिसत होतं. मासोळी पाण्यात पडली आणि थेट तळाला जाऊन बसली. हालेना.

"किती वेळ बघायचं?" मी विचारलं.

"एक खर्रा घोटून होईपर्यंत."

खर्रा ह्या गोष्टीबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते मी सगळ्यांना सांगत असते. त्या दिवशी मी त्या प्लास्टिकच्या पुडीवर फिरणाऱ्या अंगठ्याकडे जेवढं लक्ष दिलं तेवढं कधी कशाकडे दिलं नसेल. चौसष्ट घरं पातेल्याभोवती उभी. सुनंदा माझा हात धरून होती, तिची नखं रुतत होती. मासोळीचे कल्ले हालत होते का? मला चष्म्यातूनही नीट दिसत नव्हतं.

सुभद्राबाईचा अंगठा थांबला. तिनं पातेल्याच्या कडेवर टिचकी मारली. मासोळी सरळ उसळली, पातेल्याला एक पूर्ण फेरी मारली, दुसरी मारली आणि एक थेंब सुभद्राबाईच्या नाकावर उडाला.

"जगलीऽऽऽ!" सदाशिव ओरडला. पलीकडच्या मोठ्या गावातली कुत्री भुंकायला लागली. प्रमिलानं मला मिठी मारली, राजूभाऊंनी शिट्टी वाजवली. सदाशिवच्या बायकोनं कानांवर हात ठेवले, पण ती रडत होती.

काम अजून संपलं नव्हतं. पिण्याआधी पाण्यात रोजच्या मापाचं औषध पडायलाच हवं होतं. मी चमचा, माप आणि पावडर सुभद्राबाईच्या हातात दिली. "तुम्ही टाका. मी फक्त माप सांगते." तिनं मापाला बोटानं वरून सपाट केलं, मासळी तोलताना करतात तसं, एक कणही वर राहू दिला नाही. अर्ध्या तासानं मी पुन्हा थेंब टाकले. या वेळी नळीत फिकट पिवळा रंग आला.

"पिवळं काहून झालं?" चार जणी एकदम म्हणाल्या.

"एवढं पिवळं म्हणजे दवाई काम करून राहिली. याच्यापेक्षा जास्त झालं तर तुमच्या आधी मी ओरडेन. आत्ताच या पाण्यात मासोळी सोडू नका. बादली उघडी उन्हात ठेवा, दवाई उडून जाईल, मग संध्याकाळी सोडा."

मी ग्लास भरला आणि सगळ्यांसमोर प्याले. सुभद्राबाईनं माझ्याकडे बघितलं, मग ग्लासाकडे.

"नागपूरवाली त पेली. आता मेलो त संगच मरू," ती म्हणाली आणि लोटा वर करून, तोंड न लावता, सगळा रिकामा केला. थोडा वेळ ती जीभ फिरवत राहिली. "गोडं आहे," तिनं निकाल दिला.

मग रांग लागली. बावीस वर्षांत मी अशा रांगा पुष्कळ बघितल्या आहेत. ही चौसष्ट घरांची होती, पण तिच्यासारखी मी पाहिली नाही. संध्याकाळी सुभद्राबाईनं आठवणीनं उन्हातल्या बादलीत मासोळी सोडली. तीही जगली. माझ्यावर विश्वास ठेवूनही तिनं खात्री करून घेतली, याचं मला फार बरं वाटलं.

त्या दिवशी जेवायला सदाशिवच्या घरी होतो. आढ्याला टांगून वाचवलेले सुके झिंगे, आंबाडीची आंबट भाजी आणि भाताचा डोंगर. आपण नागपूरचे लोक तेलाचा तवंग दिसल्याशिवाय भाजीला भाजी म्हणत नाही. इथे तेल नावालाच होतं. मी दोनदा वाढून घेतलं, प्रमिलानं चारदा.

शुक्रवार, शनिवार

साहेब अकरा वाजता आले. नाल्यापलीकडे त्यांच्यामागे तीन बस उभ्या होत्या. माणूस चांगला होता. त्याला टोला हलवायची हौस नव्हती, त्याला साथ नको होती. मी बाटली त्यांच्या हवाली केली. त्यांनी पाण्याचा नमुना तपासणीसाठी घेतला (फवारणीच्या औषधाचा अंश नसल्याचा अहवाल पुढे आला). त्यांनी स्वतःच्या पेटीतून थेंब टाकून रंग बघितला आणि मग सुनंदाचं रजिस्टर मागितलं.

सुनंदानं ते दोन्ही हातांनी पुढे केलं. गुरुवार : नवीन रुग्ण, निरंक. शुक्रवार सकाळ : नवीन रुग्ण, निरंक. भांडारात पंचवीस वर्षं मी हा शब्द लिहीत आले आहे, शिल्लक संपली की लिहितात. एवढा देखणा तो मला कधी दिसला नव्हता.

साहेबांनी पान उलटून बघितलं. "विहिरीची रोजची जबाबदारी कोणाची?"

"माजी," सुनंदा म्हणाली.

"अन् माप माजं," मागून सुभद्राबाई.

साहेब हसले. त्यांनी रजिस्टरवर सही केली, 'स्थलांतराची आवश्यकता नाही' असं लिहिलं आणि खाली शिक्का मारला. तिन्ही बस रिकाम्या परत गेल्या. सदाशिव काठावर उभा राहून त्यांना निरोप देत होता. शेवटच्या वळणापर्यंत ड्रायव्हरला ते ऐकू गेलं असणार.

शनिवारी सकाळी आम्ही निघायची तयारी करत होतो. शेगडी आणि पावडर मी सुनंदाच्या ताब्यात दिली, तिची सही घेतली. फेटे परत मागायची माझी हिंमत झाली नाही. न्हाणीघर अजून उभंच होतं. तेवढ्यात नाल्यातून दोन डोंगे आले. त्यांत मोठ्या गावातल्या बाया होत्या, गुंड आणि कॅन घेऊन. त्यांच्याकडे घरोघरी नळ आहेत आणि त्याचा तोरा त्या बाजारात मिरवतात, असं सुभद्राबाईनं मला आधीच ऐकवलं होतं. नळाचा पंप पुरात गेला होता आणि बेलटोल्याचं पाणी पास झाल्याचं साहेबांकडून कळलं होतं.

सुभद्राबाई कठड्यावर बसली होती, मापाचा चमचा कमरेला खोचलेला.

"लाइनीत या," ती म्हणाली.

बाया रांगेत उभ्या राहिल्या. तिनं पहिलीचा गुंड स्वतः भरून दिला आणि तिच्या डोक्यावर चढवून दिला.

"काल आमालेच गाडीत घालून नेऊन राहिले होते," ती म्हणाली. "आमी गेलो असतो, त आज तुमाले पानी कोनं देल्लं असतं वं?"